आयडल क्रमांक एक

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. ही वही कुणी वाचायची नाही. ही वाचेल अशी भीती नाही. (दुसरी 'ही' म्हणजे बायको.) मी काय लिहिणार ते तिला आधीच माहीत असतं, असं तिचं म्हणणं.

मुद्द्यावर येतो. काल संध्याकाळी लाँड्रीच्या मॅनेजरने आम्हा दोघा ड्रायव्हरांना केबिनमध्ये बोलावलं. आधी पंखा बंद केला. तेव्हाच मला शंका आली. एक मार्चपासून दोन व्हॅनऐवजी एकच व्हॅन. हॉस्पिटल आणि दोन्ही हॉटेलांच्या चादरी एकाच फेरीत. म्हणजे ड्रायव्हर एक. दुसरा इस्त्रीखान्यात, रोलरवर. कोण राहणार ते फेब्रुवारी ठरवणार. दोन्ही गाड्यांत एकेक डबी बसवली आहे. डिझेल किती जळलं, धूर किती सोडला, गाडी कशी हाकली, सगळं ती टिपणार. दर शनिवारी आकडे फळ्यावर. ज्याचा धूर कमी, त्याचं स्टिअरिंग.

मी बाहेर येऊन हसलो. बावीस वर्षं व्हॅन चालवतोय. समोर कोण, तर आठ महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी. तिला मी गोगलगाय म्हणतो. तोंडावर नाही. सिग्नल सुटला की ती अशी निघते की सायकलवाले पुढे जातात. मला काका म्हणते. मी फक्त एक्कावन्न.

हसलो खरा, पण घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही. इस्त्रीखान्याला खिडकी नाही. तिथे माणूस दिवसभर एका जागी उभा राहतो आणि चादर पुढे जाते. बावीस वर्षं मी पुढे गेलोय. भीती वाटते. वहीत लिहायला काय हरकत आहे, वाटते.

पण डिझेल वाचवणं मला कुणी शिकवू नये. आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इंजिन बंद करू नकोस. सुरू करताना ते जेवढं पितं तेवढं तासभर उभं राहूनही पीत नाही. उस्तादांना जाऊन दहा वर्षं झाली. त्यांचा शब्द मी एक दिवसही मोडलेला नाही. सकाळी सहाला चावी फिरवतो, ती संध्याकाळीच काढतो. हिने पूर्वी दोन-तीनदा म्हणून बघितलं, दाराशी तरी बंद करत जा. उस्तादांचं सांगितल्यावर गप्प बसली. पटलं असणार.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २

पहिल्या हॉटेलपर्यंत डबी एकतीस वेळा टिंग झाली. ब्रेक दाबला की टिंग. जोरात निघालो की टिंग. डबी बिघडलेली आहे. मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, डबी उत्तम आहे, आणि माझ्या पायाकडे बघत राहिला. उद्या बूट बदलून बघतो.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी गाडी रिव्हर्स लावली. इथे चादरखोलीत ही काम करते. मळक्या चादरी मोजून मला देते, धुतलेल्या मोजून घेते. दोन वर्षांपूर्वी ती खोली तळघरात हलवली, तेव्हापासून आमची भेट दारात. ड्रायव्हरने आत यायचं नाही असा नियम आहे. कुणी केला माहीत नाही, पण असणारच. ती गाठोडी वर आणते, मी गाडीत टाकतो. सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास. इंजिन अर्थातच चालू.

खोकत वर आली. हाही खोकला दोन वर्षांचा. गार पाणी पिते, ऐकत नाही. पदराने तोंड पुसत म्हणाली, तुम्ही आलात की सगळ्यात आधी माझ्या घशाला कळतं. पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं प्रेमाचं वाक्य तिने बोललेलं मला आठवत नाही. आनंदाने दोनदा ॲक्सिलरेटर दाबला.

४ फेब्रुवारी, बुधवार. रात्री जेवणाआधी

कुठेतरी वाचलं की गाडीत फालतू वजन असलं की डिझेल जास्त जळतं. लगेच मागचा कप्पा रिकामा केला. निघालेलं सामान: लोखंडी जॅक दोन. त्यातला एक चालत नाही. घडीची खुर्ची. विटा चार. (लागतात.) जुन्या व्हॅनचा दरवाजा. हिची हरवलेली इस्त्री, जिच्यावरून तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात आठवडाभर अबोला होता. ती परत तिथेच ठेवली. आता सापडली म्हणणं सोयीचं नाही.

सगळ्यात जड निघालं ते स्टेपनीचं चाक. बावीस वर्षांत तीनदा लागलं असेल. काढून घरी ठेवलं. उद्यापासून गाडी पिसासारखी.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ३

पंक्चर.

त्यावर काही लिहिण्याची इच्छा नाही. फक्त नोंद: रस्त्याच्या कडेला उभा असताना गोगलगाय आली, न विचारता थांबली, स्वतःची स्टेपनी काढून दिली, चाकही बदललं. दोन्ही व्हॅन एकाच दिवशी आलेल्या, जुळ्या, त्यामुळे चाक बसलं. हात पुसत म्हणाली, काका, इंजिन चालूच आहे तुमचं. मी तिला उस्तादांचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, काका, ते जुन्या इंजिनांचं असेल. घरातल्या आजारी माणसाशी बोलतात तसा आवाज होता. तळपायाची आग मस्तकात गेली. पण स्टेपनी तिची होती, म्हणून थँक्यू म्हणालो.

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.३०

आज जेवणाची वाट न बघता वही उघडली. आनंदाने!

फळ्यावर पहिल्या आठवड्याचे आकडे लागले. मॅनेजर स्वतः खडूने लिहितो, अक्षर चांगलं आहे. ब्रेक: मी २१२, ती ९. ठीक आहे, डबीच बिघडलेली, त्यात माझा काय दोष. वेग: मी मागे. डिझेल: मी मागे. तोंडचं पाणी पळालं होतं. आणि शेवटची ओळ.

आयडल: मी ६५५, ती १२.

मी तीनदा वाचलं. आयडल! टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत जो सगळ्यांत सरस ठरतो त्याला म्हणतात, तेच. किती गुणांपैकी ते लिहिलेलं नाही, पण सहाशे पंचावन्न आणि बारा यांत फरक कळायला शाळेत जावं लागत नाही. ब्रेक वगैरे किरकोळ. माणूस ड्रायव्हर म्हणून आदर्श आहे की नाही, हे शेवटच्या ओळीत.

मॅनेजरला म्हणालो, साहेब, शेवटची ओळ बघितली. तो खाली बघत म्हणाला, बरं झालं तुमचं तुम्हीच बघितलंत, मला सांगायला अवघड जात होतं. साधा माणूस आहे, कौतुक करायला लाजतो.

हिला सांगितलं. तिने विचारलं, आयडल म्हणजे नक्की काय? मी म्हणालो, म्हणजे मी. तिला खोकल्याची उबळ आली, विषय राहिला.

संकल्प: आतापर्यंत जे करत आलो तेच करायचं, फक्त जास्त.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.४५

ब्रेकचा आकडा खाली आणायचा ठरवला. उपाय सोपा आहे. ब्रेक दाबायचा नाही.

मोठ्या चौकातल्या वर्तुळाला चार फेऱ्या मारल्या. हॉस्पिटलकडे वळायचं तर मध्ये बस, बस गेली तर रिक्षा, आणि वेग कमी करायचा तर ब्रेक. चौथ्या फेरीला ट्रॅफिक हवालदाराने मला ओळखून हात केला. मीही केला. पाचव्या फेरीला त्याने शिट्टी वाजवली. ब्रेक. टिंग.

उशीर झाला, म्हणून हॉस्पिटलला जास्त वेळ थांबून भरपाई केली. एक तास पाच मिनिटं.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११

मोठ्या हॉटेलच्या रस्त्याला उतार आहे. उतारावर इंजिन कशाला जाळायचं? इथे मात्र बंद केलं. (उस्ताद उभ्या गाडीबद्दल बोलले होते. उतरत्या गाडीबद्दल काही बोलल्याचं आठवत नाही.)

कोणी वाचणार नाही म्हणून लिहून ठेवतो: हे करू नये. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक लाकडासारखा. गेटपाशी सात कुंड्या होत्या. आता दोन आहेत. हॉटेलच्या माळ्याने मला जे ऐकवलं ते मला याआधी कोणी ऐकवलेलं नाही. कुंड्या तिथे ठेवायलाच नको होत्या, हे माझं मत मी मनातच ठेवलं.

घाम फुटलाय तो अजून जाईना. कुणी माणूस असता तिथे तर. या विषयावर पुन्हा विचार करायचा नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७

हॉस्पिटलच्या मेट्रनबाई म्हणजे तिथल्या सगळ्या नर्सवरच्या, कडक काम. त्यांनी हिच्याकरवी निरोप पाठवला की मागच्या दाराशी धूर फार होतो. मी म्हणालो, ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगा. ही म्हणाली, ॲम्ब्युलन्स पुढच्या दाराशी येते. मी म्हणालो, धुराला पाय असतात. ती भांडी आवरायला गेली.

तिथली भिंतही काळीकुट्ट झाली आहे. इतकं मोठं हॉस्पिटल, पण रंग द्यायला नको यांना. मेट्रनबाईंना एकदा सुनावायला हवं.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४

आयडल: मी ९१०, ती १०.

नऊशे दहा! आपलाच विक्रम आपण मोडला. आधीच अंदाज होता, म्हणून बिस्किटांचे मोठे पुडे आणून ठेवले होते. सगळ्या इस्त्रीखान्यात वाटले. रोलरवरच्या बायकांनी विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, शेवटची ओळ वाचा. त्यांनी वाचली. एकीने तोंडात घातलेलं बिस्किट काढून हातात धरलं. गोगलगायीलाही दोन दिली. ती काहीतरी बोलणार होती, मी म्हणालो, अगं खा, होईल तुझंही हळूहळू.

मॅनेजर केबिनमध्ये बोलावतोय. बिस्किटं घेऊन जातो.

तोच दिवस. संध्याकाळी ६

आयडल म्हणजे आदर्श नव्हे.

आयडल म्हणजे गाडी जागच्या जागी उभी आणि इंजिन उगाच चालू. आकडा गुणांचा नाही. मिनिटांचा आहे. मॅनेजरने बिस्किट हातात घेऊन अतिशय सावकाश समजावून सांगितलं. म्हणाला, दादा, आठवड्याला पंधरा तास तुम्ही नुसता धूर काढताय. आणि मग म्हणाला, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही इतके खुशीत होतात, मला वाटलं माणसाने आता सगळं सोडून दिलंय.

बिस्किटं परत मागता येत नाहीत.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२

अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. ही दोनदा येऊन गेली. कपाळाला हात लावून बघितला. मी सांगितलं, अंग मोडून आलंय.

खरं सांगायचं तर (आणि इथे नाही सांगायचं तर कुठे) माझी पाचावर धारण बसली आहे. काल केबिनमधून निघताना मॅनेजर म्हणाला, उरलेल्या दोन आठवड्यांत सुधारणा दिसली तर मी मालकांपुढे तुमची बावीस वर्षं मांडतो, एरवी माझे हात बांधलेले आहेत. दोन आठवडे. मला दुसरं काही येत नाही. चादर नीट घालायलाही येत नाही, ही रोज माझ्यामागून ओढून सरळ करते.

उस्ताद चुकले असतील? हा विचार आला तेव्हा उठून तोंड धुतलं.

संकल्प, एकच: गाडी थांबली की इंजिन बंद. उद्यापासून. देवाशपथ.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३.३०

हॉस्पिटलला पोचलो. इंजिन बंद केलं. ही गाठोडं घेऊन वर आली आणि दारातच थबकली. म्हणाली, काय झालं? गाडी बंद पडली? मी म्हणालो, मी बंद केली. तिने गाठोडं खाली ठेवलं. मला वाटलं रडते की काय. म्हणाली, आज पाखरांचा आवाज येतोय इथे.

मग निघायच्या वेळी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. टक्. मग टक्सुद्धा नाही. शेवटी ही, मेट्रनबाई, दोन वॉर्डबॉय आणि मागून आलेली गोगलगाय, एवढ्यांनी धक्का मारला. मेट्रनबाईंची टोपी पडली.

आता खरं लिहितो. स्टार्टर कमजोर आहे हे मला दीड वर्षापासून माहीत आहे. मिस्त्रीला बोललो नाही. गाडी म्हातारी झाली म्हणून काढून टाकतील, तिच्याबरोबर मलाही काढतील, असं वाटलं. चालू ठेवली की प्रश्न नव्हता. उस्तादांचा शब्द होताच पाठीशी.

दुसऱ्या खेपेला चालूच ठेवली. नाइलाज होता. पाखरांचं ती काही बोलली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९

शेवटी मन घट्ट करून मिस्त्रीकडे गेलो. सगळं कबूल केलं. गाडी वाचवा म्हणालो, हात जोडले. तो खाली वाकला, काहीतरी पिळलं, उभा राहिला. वायर ढिली होती. दहा मिनिटंही लागली नाहीत.

दीड वर्ष.

मिस्त्री म्हणाला, अहो विचारायचं ना. सगळे हेच म्हणतात, नंतर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.४५

हिला डॉक्टरकडे नेलं. रात्रभर उशीत तोंड खुपसून खोकत होती, मला झोप लागावी म्हणून. डॉक्टरांनी छाती तपासली, विचारलं, कामाच्या जागी धूर असतो का? मी तिच्या आधी बोललो, चादरींची धूळ असते, तंतू उडतात, आणि गार पाणी पिते. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, हो, तंतू असतात. बाटली लिहून दिली. दिवसातून तीनदा दोन चमचे.

येताना गाडीत काही बोलली नाही. घसा दुखत असेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६

आयडल: मी ३४०, ती ११. ब्रेक: मी १२०, ती ८.

निम्म्याहून खाली आलो! मॅनेजर म्हणाला, चांगलंय, पण अजून पुष्कळ. मी म्हणालो, साहेब, बघाच. इंजिन आता बंद करतो, पण हात विसरतो. चावी काढायला जातो आणि तिथून सवयीने हॉर्नवर जातो.

एक गोष्ट जिवावर आली आहे, पण इलाज नाही. उद्या गोगलगायीला फोन करणार.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

केला. ती आली. घरून, स्वतःच्या रविवारी. मी तिला म्हणालो, मला शिकव. हे दोन शब्द बोलायला मला तीन मिनिटं लागली. तिने विचारलं नाही की तुम्ही जिंकलात तर मी रोलरवर जाणार, मग मी का शिकवू. मीच विचारलं. ती म्हणाली, काका, धूर तर कमी होईल.

गोगलगायीने हिच्याकडून वाटी मागून घेतली, पाण्याने भरली, डॅशबोर्डवर ठेवली. म्हणाली, पाणी सांडायचं नाही, एवढंच. लांब बघायचं, समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे नाही, त्याच्याही पुढे. सिग्नल लाल दिसला की तेव्हाच पाय काढायचा, गाडी आपली आपण मंदावते. निघताना हलक्या पायाने, लवकर गियर बदलायचा. सकाळी टायरची हवा बघायची.

पहिल्या वळणावर वाटी माझ्या मांडीत. दुसऱ्यांदा भरली, तीही मांडीत. घरी आलो तेव्हा ही दारात उभी होती, माझ्या पॅंटकडे बघून काही विचारलं नाही. पण सातवी वाटी चौकापर्यंत अर्धी टिकली! खोटं सांगत नाही. आणि डबी गप्प होती. रस्ता इतका शांत असतो हे मला माहीत नव्हतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी २

ब्रेक: सकाळपासून चार. चार! गाडीत पाऊण वाटी पाणी. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, मी हसतो. आता मीच गोगलगाय.

सिग्नलला इंजिन बंद. हॉस्पिटलला इंजिन बंद. ही आज दुपारी खोकली नाही असं वाटलं. औषध लागू पडतंय. मी सांगितलं, बघ, म्हणत होतो ना गार पाणी. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ५.३०

आठवड्याची आयडल मिनिटं आतापर्यंत: ९. मॅनेजरने काल स्वतःहून सांगितलं. ती ८ वर आहे. एका मिनिटाचा फरक! म्हणाला, मालकांशी बोलणं झालंय, हा आठवडा असाच गेला तर बावीस वर्षांचं पारडं जड होईल. माझे डोळे भरून आले, मी पंख्याकडे बघितलं.

उद्या शेवटचा दिवस. फक्त उद्या. देवा, एवढा एक दिवस.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.१५

लिहू नये असं वाटतं. लिहितो.

दोन्ही हॉटेलं नीट झाली. साडेनऊला हॉस्पिटल. रिव्हर्स लावली, चावीला हात घातला, आणि इंजिनाने जरा गचका दिला. एकदाच. बंद केलं आणि पुन्हा लागलं नाही तर? आजच? मिस्त्रीची वायर आजच सुटली तर? दोनच मिनिटं, म्हटलं. गाठोडी टाकतो आणि निघतो. डबीला दोन मिनिटं समजतील.

दारात ही नव्हती. मेट्रनबाई होत्या, अभ्र्यांची यादी घेऊन. म्हणाल्या, सहा अभ्रे कमी आलेत. मी म्हणालो, आम्ही मोजून दिलेत. झालं. बोलता बोलता मी भिंतीच्या रंगावर आलो. त्यांना सांगितलं की तुमची भिंत काळी पडली आहे, त्याचं खापर गाड्यांवर फोडता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, या. मी म्हणालो, ड्रायव्हरने आत यायचं नाही असा नियम आहे. त्या म्हणाल्या, असा कुठलाही नियम नाही.

दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या पायऱ्या उतरलो.

लांबट खोली. चादरींचे ढीग. वर, छताजवळ, जाळीची एकच खिडकी, बाहेरून ती जमिनीलगत येते. त्या जाळीला अगदी चिकटून एका गाडीचा सायलेन्सर होता आणि त्यातून काळा धूर भसाभसा आत येत होता. खोलीत समोरचं नीट दिसत नव्हतं. खाली ही बसली होती, नाकातोंडावर पदर दाबून, चादरी मोजत. चौसष्ट, पासष्ट. मधे खोकायची, आकडा चुकायचा, पुन्हा एकपासून.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, कोणाची आहे ही गाडी? कोण नालायक आहे हा? माणसं बसलीत खाली, कळत नाही याला?

मेट्रनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. ही पदर बाजूला करून म्हणाली, अहो. एवढंच.

मी वर पळालो. चावी काढली. त्रेचाळीस मिनिटं झाली होती. डबी टिंग झाली नव्हती. ती नुसती मोजत होती.

तोच दिवस. संध्याकाळी ६.२०

आयडल: मी ५२, ती ९.

मॅनेजर माझ्याशी बोलायला आला. मी म्हणालो, राहू द्या साहेब. चाव्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. गोगलगायीला म्हणालो, चौथा गियर जरा अडतो, हलक्या हाताने घाल. तिला रडू आलं. मला काका म्हणाली आणि या वेळी मला काही वाटलं नाही.

घरी हिला म्हणालो, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं होतं. दोन-तीनदा. मग म्हणाली, तुम्हाला गाडी किती आवडते ते माहीत होतं मला.

२ मार्च, सोमवार. दुपारी १

रोलर. चादर पुढे जाते, मी उभा. कडा दुमडायची असते ती मला जमत नाही. एका बाईने चारदा दाखवलं. बिस्किटांबद्दल कुणी काही बोललं नाही. चांगल्या आहेत सगळ्या.

संकल्प: इथेही वीज वाचवायचे मार्ग आहेत, माझ्या लक्षात आले आहेत. रोलर दुपारच्या सुटीत चालूच ठेवतात. मी मॅनेजरला सांगणार होतो. मग स्वतःच जाऊन बटण बंद केलं.

१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७

हिचा खोकला गेला. दहा दिवसांत एकदाही नाही. औषधाची बाटली अर्धी उरली आहे, तिने ती मागच्या फळीवर ठेवून दिली.

जेवताना तिने सांगितलं, ती मुलगी गाडी लावते आणि लगेच बंद करते, गाडी आली ते कळतसुद्धा नाही, वर जाऊन बघावं लागतं. पूर्वी तुम्ही आलात की लगेच कळायचं.

मी म्हणालो, हो, तुझ्या घशाला.

ती म्हणाली, हो. आणि मला आणखी भात वाढला.